भांगडा जगभर पोचला तो कुणाच्या दुकानातून?



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी हरकत नाही, लेख एकटा वाचला तरी समजेल.

विषय निघाला आपल्या बॅचमधल्या एका मुलामुळे. कोल्हापूरकडचा आहे, हलगी वाजवतो. हलगी, घुमकं, कैताळ असा सहा जणांचा संच. लगीनसराईत आणि गणपतीत सुपाऱ्या मिळतात, बाकीचे महिने थोडी शेती आणि एका गॅरेजवर काम. त्याला एका स्टुडिओवाल्याने सांगितलं, तुमचे बारा ठेके रेकॉर्ड करू, एकरकमी २५ हजार देतो, या कागदावर सही करा. पोराने मला कागदाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, सही करू का? आपली हलगी तालुक्याच्या बाहेर कोण ऐकणार आहे? मिळतंय ते घ्यावं म्हणतो."

त्याचं ते "कोण ऐकणार आहे" माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या दुकानात फेटे आणि लग्नाचं सामान मिळतं, त्यामुळे वराती रोज बघतो. सांगली असो की सातारा, वरात रंगात आली की एकदा तरी भांगडा लागतोच. नवरदेव पाटील, करवल्या मोरे, नाचतायत पंजाबी ढोलावर! पंजाबच्या शेतकऱ्याचा नाच आपल्या गल्लीत आला कसा, आणि लंडन, न्यूयॉर्क, व्हँकुव्हरला गेला कसा, हे नीट समजून घेतलं तर त्या कागदावर सही करायची की नाही याचं उत्तर मिळतं. म्हणून आज धंद्याच्या नजरेने भांगडा बघू.

आधी माल बांधला गेला

भांगडा मूळचा पश्चिम पंजाबातला, म्हणजे सियालकोट, गुजरानवाला या भागातला, जो आता पाकिस्तानात आहे. गव्हाचं पीक हाताशी आलं की वैशाखीच्या सुमाराला गावातले पुरुष ढोलाभोवती गोल करून नाचायचे. त्याला तिकीट नव्हतं, स्टेज नव्हतं, ठरलेली वेळ नव्हती. ढोली थकेपर्यंत चालायचं.

१९४७ ला फाळणी झाली. तिकडची माणसं इकडे आली, आणि नाचही त्यांच्याबरोबर आला. पुढे १९५० च्या दशकात पटियालाच्या महाराजांच्या पाठबळाने सुनाम गावच्या कलाकारांचा एक संच तयार झाला आणि १९५४ च्या प्रजासत्ताक दिनाला त्यांनी दिल्लीत भांगडा सादर केला. इथे एक गोष्ट घडली जी दुकानदाराच्या लगेच लक्षात येईल. पंजाबात झुम्मर, लुड्डी असे वेगवेगळे नाच होते, प्रत्येकाची चाल वेगळी. त्यातलं चांगलं चांगलं निवडून, एकामागून एक लावून, ठरलेल्या वेळात बसेल असा एक कार्यक्रम झाला. पोशाख एकसारखा झाला, फेट्याला तुरा आला. सुट्टा माल पॅकेटात आला म्हणा ना. "हा खरा भांगडा नाही" असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण शेतात नाचलेला नाच ट्रेनमध्ये चढवता येत नाही, हा संच चढवता आला.

(पंजाबीत ढोलाच्या मुख्य ठेक्यालाच "चाल" म्हणतात. आपण गाण्याच्या चालीला चाल म्हणतो. शब्द एकच, वस्तू वेगळी. मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली होती.)

लग्नाचं मार्केट

आता ब्रिटनला जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कारखान्यांना माणसं कमी पडत होती. पंजाबातून पुरुष गेले. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकला ओतकामाच्या भट्ट्यांवर लागले, लंडनच्या साउथॉलमध्ये रबराच्या कारखान्यात लागले. सुरुवातीला एकटे पुरुष, एका खोलीत सहा-आठ जण, कमवायचं आणि गावी पाठवायचं. १९६२ मध्ये ब्रिटनने बाहेरून येणाऱ्यांसाठी कायदा कडक केला. दार बंद होतंय म्हटल्यावर लोकांनी बायकामुलं बोलावून घेतली. घरं झाली, मुलं मोठी झाली, लग्नं सुरू झाली.

लग्न म्हटलं की वाजंत्री लागणार. मंगळवारी भट्टीवर लोखंड ओतणारा माणूस शनिवारी हॉलमध्ये गायला उभा राहू लागला. १९६७ मध्ये स्मेदिकमध्ये भुजंगी ग्रुप नावाचा संच उभा राहिला. दोन भाऊ आणि त्यांचे सोबती, दिवसा नोकरी, शनिवार-रविवार गाणं. आपल्या हलगीवाल्याचं गॅरेज आणि यांची भट्टी, फरक काहीच नाही.

मी बॅचमध्ये नेहमी विचारतो की तुमचा कस्टमर आधीच कुठे जमतोय? नवीन जागी त्याला बोलवायला पैसा लागतो. जिथे तो आपणहून येतो तिथे आपण जायचं. भांगड्याच्या बाबतीत ती जागा होती लग्नाचा हॉल. एका हॉलमध्ये तीनशे-चारशे माणसं, सगळी खुशीत, खिसा सैल, आणि प्रत्येकाच्या घरी एकदोन लग्नं व्हायची बाकी. यापेक्षा चांगलं प्रदर्शन पैसे देऊन मिळणार नाही.

अयूब यांचं दुकान

आता माझ्या आवडीचा भाग. बर्मिंगहॅममध्ये मोहम्मद अयूब नावाच्या गृहस्थांनी १९६६ च्या सुमाराला एक व्यवसाय सुरू केला, ओरिएंटल स्टार एजन्सीज. पुढे मोझली रोडवरचं त्यांचं दुकान प्रसिद्ध झालं. सुरुवात ट्रान्झिस्टर, रेडिओ अशा मालाने, आणि त्याबरोबर भारत-पाकिस्तानातून मागवलेली गाण्यांची तबकडी. घरापासून हजारो मैल लांब असलेला माणूस रेडिओ घ्यायला यायचा आणि गावाकडचं गाणं आहे का विचारायचा.

हे जरा थांबून वाचा. काउंटरवर उभं राहणाऱ्याला जे कळतं ते मार्केट रिसर्चच्या रिपोर्टमध्ये सापडत नाही. कुठल्या गाण्याला पुन्हा पुन्हा मागणी येते, कोण कुणासाठी घेऊन जातंय, काय नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक नाराज होतं, हे सगळं त्यांच्या समोर घडत होतं. मग त्यांनी बाहेरून माल आणण्याबरोबर स्वतःचा माल काढायला सुरुवात केली. भुजंगी ग्रुपसारख्या तिथल्याच संचांची गाणी त्यांनी बाजारात आणली. पाकिस्तानातल्या नुसरत फतेह अली खान यांच्या कव्वाल्या ब्रिटनमध्ये पोचवल्या त्या याच लोकांनी, पाश्चात्त्य कंपन्यांनी त्यांची दखल घेण्याच्या कितीतरी आधी. जालंधरकडून १९८४ मध्ये बर्मिंगहॅमला आलेले मलकीत सिंग यांना त्यांनीच कॅसेटवर आणलं. मलकीत सिंग यांचं नाव पुढे सर्वाधिक विक्री असलेले भांगडा गायक म्हणून गिनीज बुकात गेलं आणि २००८ मध्ये त्यांना ब्रिटनचा एमबीई हा सन्मान मिळाला.

एका दुकानातून हे झालं. रेडिओच्या दुकानातून!

चव बदलली, पीठ तेच

साउथॉलमध्ये १९७७ ला चन्नी सिंग यांचा अलाप हा बँड सुरू झाला. १९७९ ला त्यांचा पहिला अल्बम आला. मग दीपक खझांची नावाचे संगीतकार त्यांच्यासोबत आले, आणि १९८२ च्या अल्बममध्ये ढोलकीसोबत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन ऐकू यायला लागलं. त्या काळात ब्रिटनच्या क्लबमध्ये डिस्को वाजत होता. ब्रिटनमध्ये वाढलेल्या पोरांचा कान डिस्कोवर तयार झालेला, आणि घरात आई-वडिलांची पंजाबी. दोन्ही कानांना एकदम लागेल असा हा आवाज होता.

काय ठेवलं आणि काय बदललं याची यादी करण्यासारखी आहे. भाषा पंजाबी ठेवली. ढोलाची ती झुलणारी चाल ठेवली. एकतारी तुंबीचा टणत्कार ठेवला. बदलला तो खालचा भाग: बास जड केला, ठेका मशीनवर पक्का केला, आणि ध्वनिमुद्रण असं केलं की हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर फाटणार नाही. ओळख पटवणारी वस्तू जपली आणि न दिसणारी यंत्रणा सुधारली. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. पुरणपोळीचं पाकीट करताना चॉकलेटची पुरणपोळी काढतात आणि पाकीट मात्र तेच गळकं.

जो सेल मोजलाच गेला नाही

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये भांगड्याच्या कॅसेट भरपूर खपत होत्या. पण त्या खपत होत्या कुठे? किराणा दुकानात, कापडाच्या दुकानात, मिठाईच्या काउंटरवर. म्हणजे डाळ-तांदूळ घ्यायला आलेली बाई जाताना एक कॅसेट पिशवीत टाकायची. ब्रिटनची गाण्यांची क्रमवारी, म्हणजे चार्ट, ठरत होता काही ठराविक रेकॉर्डच्या दुकानांतल्या विक्रीवरून. आपली ही दुकानं त्या यादीतच नव्हती. त्यामुळे चार्टमध्ये भांगडा दिसायचाच नाही, आणि मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नव्हता.

याचा फायदाही झाला आणि तोटाही, आणि मला दोन्ही सांगायचंय. फायदा असा की कोणाची परवानगी लागली नाही. रेडिओवाला वाजवेना, टीव्हीवाला दाखवेना, तरी माल घरोघर गेला, कारण रस्ता स्वतःचा होता. तोटा असा की किंमत कधी वाढवता आली नाही. कॅसेट स्वस्तात विकावी लागायची, कारण शेजारच्या दुकानात तिचीच नक्कल त्याहून स्वस्त मिळायची. नकली कॅसेटने या धंद्याचं फार नुकसान केलं. आणि चार्टमध्ये नाव नाही म्हणून बँकेपुढे किंवा मोठ्या कंपनीपुढे दाखवायला आकडा नाही. आपल्यातल्या किती जणांचं असं आहे? सगळा धंदा रोखीचा, वहीत नोंद अर्धी, आणि मुद्रा लोन मागायला गेलं की मॅनेजर म्हणतो, उलाढाल दाखवा. विकलं खूप, पण कुठे लिहिलेलंच नाही.

मग बँडवाले जगत कशावर होते? सुपाऱ्यांवर. कॅसेट ही त्यांची व्हिजिटिंग कार्ड होती. कॅसेट ऐकून लग्नाची तारीख बुक व्हायची, इसार घेतला जायचा. आपले बेंजोवाले आज यूट्यूबवर रील टाकतात आणि खाली नंबर देतात, तोच हिशोब. कॅसेटची नक्कल करता येते, पण शनिवारच्या संध्याकाळी हॉलमध्ये उभ्या असलेल्या गायकाची नक्कल करता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कागदाकडे येताना लागणार आहे.

दुपारचा डिस्को

मधे एक किस्सा सांगतो, कारण तो मला फार आवडतो. त्या पोरांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, गाण्याची हौस होती, पण रात्री क्लबमध्ये जायला घरून परवानगी नव्हती. आपल्याकडेही नसती मिळाली. मग आयोजकांनी काय केलं? कार्यक्रमच दुपारी ठेवले. लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले सारख्या मोठ्या हॉलमध्ये भर दुपारी अंधार करून दिवे फिरवायचे, अलाप किंवा हीरा असा बँड लावायचा आणि संध्याकाळी सगळे वेळेत घरी. त्याला नावच पडलं डेटायमर. काही पोरी घरून साधे कपडे घालून निघायच्या आणि हॉलच्या बाथरूममध्ये बदलायच्या.

शाळा-कॉलेज बुडवून हे चालायचं, म्हणून मी त्याचं कौतुक किती करावं हा प्रश्न आहे, मलाही मुलगी आहे. पण धंद्याचं बघा. हॉलवाल्यासाठी दुपार म्हणजे रिकामी वेळ, भाडं कमी. कस्टमरसाठी दुपार हीच एकमेव शक्य वेळ. "आमच्या भागात बायका येत नाहीत" असं म्हणणाऱ्या दुकानदाराने आपलं दुकान उघडायची वेळ एकदा तपासावी.

चार वर्षं पडून राहिलेलं गाणं

भांगडा आपल्या लोकांबाहेर गेला तो टप्प्याटप्प्याने. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात पंजाबी आणि जमैकाहून आलेले लोक शेजारीशेजारी राहत होते. तिथे वाढलेला स्टीव्हन कपूर अपाची इंडियन या नावाने रेगे आणि पंजाबी एकत्र गायला लागला, आणि १९९३ मध्ये त्याचं "बूम शॅक-अ-लॅक" ब्रिटनच्या पहिल्या पाचांत गेलं. इकडे भारतात १९९५ मध्ये दलेर मेहंदी यांचा "बोलो ता रा रा" आला आणि महाराष्ट्रातल्या वरातींना भांगडा खऱ्या अर्थाने लागला. आमच्या गल्लीतल्या बँडवाल्याने तेव्हा ते ट्रंपेटवर बसवलं होतं, मला आठवतंय.

पण जगाने दार उघडलं ते एका वेगळ्याच गाण्यासाठी. कव्हेंट्रीच्या पंजाबी एमसी याने १९९८ मध्ये "मुंडियां तो बच के" काढलं. गायक लाभ जंजुआ, गाणं पूर्ण पंजाबी, सुरुवातीला तुंबी. खाली बास मात्र "नाइट रायडर" या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या धूनवरचा. आपल्या लोकांत ते गाजलं, आणि मग बाहेरच्या जगासाठी चार वर्षं तसंच पडून राहिलं.

नंतर इंटरनेटवर लोक एकमेकांना गाणी पाठवायला लागले आणि हे गाणं जिथे पंजाबी कोणी राहत नाही अशा गावांतही फिरायला लागलं. २००२ च्या शेवटी जर्मनीतल्या एका कंपनीने ते रीतसर परवाने घेऊन पुन्हा बाजारात आणलं. जर्मनीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, इटलीत पहिल्या, आणि २००३ च्या जानेवारीत ब्रिटनच्या चार्टमध्ये पाचव्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या जे-झी याने त्यावर आपला रॅप चढवला.

रीतसर परवाने हे शब्द मी मुद्दाम लिहिले. दुसऱ्याच्या धूनेचा तुकडा वापरून केलेलं गाणं गल्लीत वाजत राहतं, कोणी विचारत नाही. पण जर्मनीतल्या कंपनीला ते विकायचं असेल तर तिचा पहिला प्रश्न असतो, हक्क कुणाचे आहेत, कागद दाखवा. कागद नसला तर जगाचं दार तिथेच बंद.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. १९९३ पासून वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठात कॉलेजच्या पोरांची भांगडा स्पर्धा सुरू झाली आणि मग गावोगावच्या कॉलेजात संघ झाले. न्यूयॉर्कमध्ये डीजे रेखा यांनी १९९७ ला बेसमेंट भांगडा नावाची रात्र सुरू केली, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, आणि ती वीस वर्षं चालवली. दर महिन्याला, तीच तारीख, वीस वर्षं! आपण इन्स्टाग्रामवर तीन आठवडे पोस्ट टाकतो आणि रिस्पॉन्स नाही म्हणून सोडून देतो. आणि अगदी अलीकडचं म्हणजे दिलजित दोसांझ. एप्रिल २०२४ मध्ये कॅनडाच्या व्हँकुव्हरला त्यांनी पूर्ण स्टेडियम भरलं, ५४ हजारांच्या वर माणसं. तिथेही पहिली गिऱ्हाइकं घरचीच होती. पंजाबी माणूस त्या प्रांतात शंभरहून अधिक वर्षं राहतोय.

मग पैसा कुणाला मिळाला?

आता मुद्द्यावर येऊ. ढोलाची चाल कुणाच्याही मालकीची नाही. सियालकोटच्या कुठल्या शेतकऱ्याने ती पहिल्यांदा वाजवली हे कुणाला माहीत? तिच्यावर हक्क सांगता येत नाही. पण त्या चालीवर नव्याने रचलेल्या गाण्यावर हक्क असतो, शब्दांवर असतो, आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगवर तर असतोच असतो. परंपरा सगळ्यांची, पण रेकॉर्डिंग एकाचं. ज्याच्या नावावर रेकॉर्डिंग, त्याला पुढची कित्येक वर्षं पैसे.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, फटका खाऊन शिकलो. दुकानाचा फेटे बांधण्याचा व्हिडिओ केला होता, ऐन लगीनसराईत. त्याला एक कोळीगीत लावलं. मला वाटलं, कोळीगीत म्हणजे लोकगीत, लोकगीत म्हणजे सगळ्यांचं. जाहिरातीसाठी पैसे भरले, आणि तिसऱ्या दिवशी व्हिडिओचा आवाज बंद. हक्काची तक्रार. गाणं पारंपरिक असेल, पण मी लावलेलं रेकॉर्डिंग एका कंपनीचं होतं. पैसे गेले, सीझन गेला. मग एका हलगीवाल्याला दुकानात बोलावून वीस सेकंदाचा ठेका स्वतः रेकॉर्ड केला, त्याला ठरलेले पैसे दिले आणि दोघांच्या सहीचं साधं पत्र करून ठेवलं. तो आवाज आजही आमच्या प्रत्येक व्हिडिओला आहे.

आपल्याकडचा कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ मध्ये त्यात कलाकारांच्या बाजूने बदल झाले. धंदा करणाऱ्याला लागणाऱ्या चार गोष्टी सांगतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीचा कागद लागतो, तोंडी चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. आणि गीतकार-संगीतकाराने हक्क दिले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सोडून देता येत नाही, सही केली तरी. रेकॉर्डिंगवरचा हक्क मात्र साधारणपणे निर्मात्याचा, म्हणजे ज्याने ते करवून घेतलं त्याचा, आणि तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. मी वकील नाही. सही करण्याआधी वकिलाला हजार-दोन हजार द्या, तो खर्च धरूनच चाला.

आता पोराचा कागद पुन्हा वाचू. त्यात मुदतीच्या जागी लिहिलं होतं "कायमस्वरूपी". प्रदेशाच्या जागी "संपूर्ण जग". माध्यमाच्या जागी "सध्याची व भविष्यात येणारी सर्व". म्हणजे ज्या ज्या ठिकाणी गप्प राहिल्यावर कायदा कलाकाराला सांभाळतो, तिथे तिथे स्टुडिओवाल्याने विचारपूर्वक शब्द भरले होते. त्याला तरी माहीत होतं की हलगी तालुक्याबाहेर ऐकली जाऊ शकते! आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, "सदर संच हे ठेके अन्यत्र ध्वनिमुद्रित करणार नाही."

मी त्याला फोन केला.

"एका वरातीची सुपारी किती घेतोस?"

"अठरा हजार, सर. सीझनला वीस."

"म्हणजे २५ हजार म्हणजे सव्वा-दीड वरात. सहा जणांत वाटले तर माणशी चार हजारांच्या आसपास. आणि त्या बदल्यात आयुष्यभर स्वतःचेच ठेके दुसरीकडे रेकॉर्ड करायचे नाहीत."

तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण सर, ठेके तर आजोबांपासूनचे आहेत. त्यांच्यावर सही करायचा मला तरी काय अधिकार?"

हे मला सुचलं नव्हतं, खरं सांगतो. तो बरोबर बोलला. त्याच्या गावात आणखी चार संच तेच ठेके वाजवतात.

मग आम्ही दोन मार्ग काढले. पहिला, तालुक्याच्या ठिकाणी तासावर स्टुडिओ मिळतो तो घ्यायचा, तीन ठेके स्वखर्चाने रेकॉर्ड करायचे आणि निर्माता म्हणून संचाचंच नाव लावायचं. सहा जणांचा वाटा आधी लिहून ठेवायचा, कारण पैसे आल्यावर लिहायला गेलं की भांडणं होतात. ते रेकॉर्डिंग मग कुणालाही वापरायला भाड्याने देता येतं, जागा न विकता गाळा भाड्याने द्यावा तसं. दुसरा मार्ग, स्टुडिओवाल्याचाच कागद दुरुस्त करून परत पाठवायचा. "कायमस्वरूपी" खोडून तीन वर्षं. विक्रीतून येणाऱ्या पैशात संचाचा टक्का. शेवटची ओळ पूर्ण काढायची. प्रत्येक रेकॉर्डिंगवर संचाचं आणि गावाचं नाव.

त्याने दोन्ही केले. पहिले तीन ठेके गेल्या रविवारी रेकॉर्ड झाले, साडेचार तास लागले, कारण घुमकंवाला बसून वाजवायला तयार नव्हता आणि उभा राहिला की माइकपासून लांब जात होता. दुरुस्त केलेला कागद स्टुडिओवाल्याकडे गेलाय. त्याने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून नाही.

तुमच्यापैकी कुणाकडे असा करार आला असेल तर त्यातल्या फक्त तीन जागा आधी शोधा: मुदत, प्रदेश आणि "अन्यत्र करणार नाही" असं काही लिहिलंय का. पुढच्या गुरुवारी व्हिडिओत आपण सहा जणांच्या वाट्याचा साधा लेखी कागद कसा करायचा ते पानावर लिहून दाखवणार आहे. वही-पेन घेऊन बसा.